कादरमामूंनी नाकारलेला चहा

३ मार्च. कूलर गच्चीवरून उतरवला, त्याचं आवरण धुवायला घेतलं. हे आवरण मुळात आमच्या पांढऱ्या गाडीचं. गाडी विकली, आवरण राहिलं, ते कापून मी कूलरला शिवलं. दर उन्हाळ्यात ते हातात आलं की कादरमामू आठवतात.

मामू गारखेड्यात आमच्या शेजारी राहायचे. एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले, उंच, खांद्यावर कायम रुमाल. चहाला नाही म्हणणं त्यांना ठाऊकच नव्हतं. कुणाच्याही दारात उभ्या उभ्या प्यायचे आणि वर त्या घरच्या बाईला सांगायचे, "आलं भारी घातलंत."

नवरा गेल्यावर गाडी दारात गंजत होती. मामूंनीच लासूर स्टेशनचं गिऱ्हाईक आणलं. सोपानराव, खतांचं दुकान. बरेचसे पैसे रोख दिले, बाकीचे सात हजार महिन्याभरात देतो म्हणाला. मामूंच्या ओळखीचा माणूस, त्यांच्यादेखत लिहून कसं मागायचं, म्हणून मी सह्या करून किल्ल्याही दिल्या. महिना गेला, दिवाळी गेली. फोनवर रोज नवी अडचण. मुलीच्या हॉस्टेलची फी भरायची तारीख तोंडावर आली होती आणि माझ्याकडे नेमके तेवढेच कमी पडत होते. शेवटी मामूंना सांगितलं, मी वकिलाची नोटीस पाठवते.

"नोटीस नक्को," ते म्हणाले. "माणूस मी आणला, पैसे बी मीच आणीन. उद्या चला. आपुन भांडायला नाय, बसायला जायचं."

निघण्यापूर्वी त्यांनी माझ्या ओट्याशी उभं राहून दोन कप चहा घेतला. "तिथं मिळंल का नाय, सांगता येत नाय." मला वाटलं, गंमत करतात.

सोपानरावाचं घर दुकानाच्या मागंच. त्याच्या आईनं चहा आणला. मामू म्हणाले, "ठेवा आई, आज नको." मलाही डोळ्यांनी खुणावलं. मग कांद्याचा भाव झाला, म्हातारीचे गुडघे झाले, पैशाचा शब्द नाही. मी आतून धुमसत होते. कपांवर साय धरली. म्हातारीनं ते उचलून नवा चहा आणला. "आज नको, आई." तेवढ्याच मऊ आवाजात.

म्हातारी खालीच बसली. "का रं सोपान, मामूनं आपल्या घरचा चहा सोडला व्हय? काय केलंस तू?"

सोपानराव जमिनीकडे बघत उठला, दुकानात गेला आणि नोटा घेऊन आला. मी तिथंच मोजल्या. मामूंना ते आवडलं नाही, पण मी मोजतेच.

"आता आणा, आई. साखर जरा जास्त."

येताना मी म्हटलं, सरळ मागितले असते तरी दिले असते की.

"मागितलं की तो सबब सांगणार. सबबीला आपुन जवाब देणार. मग आवाज चढतो, ताई. आता मला त्या घरी कधी बी जाता येतं."

फी वेळेत भरली. मामूंनी एसटीच्या तिकिटाचेही पैसे घेतले नाहीत, वर महिनाभर गल्लीत सांगत फिरले की ताईनं म्हातारीसमोर नोटा मोजल्या. मी तेव्हा नीट आभारही मानले नव्हते. मागच्या वर्षी ते गेले. तीन दिवस त्यांच्या घरचा स्वयंपाक मी केला, तेवढंच.

आज आवरण पिळत होते तर त्यांच्या बायको, आमच्या मामी, येऊन उभ्या राहिल्या. मामूंची जुनी व्हॅन त्यांनी गंगापूरच्या एकाला विकली, त्यातली थोडी रक्कम अडकली आहे. मुलानं फोन केला तर तो माणूस अंगावर आला. "तुम्हाला हिसाब येतो ताई, जरा समजावून सांगता?"

मी म्हटलं, हिशेबाचं काम नाही. उद्या सकाळी तयार राहा, आणि चहा घरूनच पिऊन या.

४ मार्च. सकाळी मी ओट्याशी उभी राहून दोन कप चहा प्यायले. मामींना घेऊन गंगापूरची जीप धरली. त्या माणसानं खुर्च्या दिल्या, त्याच्या बायकोनं ट्रे पुढं केला.

"ठेवा ताई, आज नको," मी म्हणाले, आणि यंदा ऊस कसा आहे ते विचारलं.