डोमाजी करवतवाले दोन होते

२०२२ साल. मी तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचा. चौथी शिकलो आहे. ऱ्हस्व-दीर्घ सुनेने पाहिले, बाकी सगळे माझे आहे.

भूत, भानामती, अंगात येणे... मी कधी मानले नाही. आजही मानत नाही. मोहल्ल्यात कोणाच्या अंगात आले की मीच पुढे होऊन विचारायचो, "सांग गा देवा, उद्या नळ किती वाजता येते?" देव गप्प बसायचा. म्हणून भुताखेतांच्या या ग्रुपवर लिहायला मला जड जाते. पण झाले ते झाले.

आमच्या भागात माझ्यासारखी डोमाजी नावाची माणसे पुष्कळ, आणि नाव काढलेली. एक डोमाजी पैलवान होते, एक डोमाजी भजनवाले. त्यांचा मला त्रास नव्हता, त्यांचे काम वेगळे. त्रास होता उमरेडच्या डोमाजीचा. तोही माझ्यासारखा विणकर, आणि तोही करवती काठाचा. साडीच्या काठावर करवतीच्या पात्यासारखे दात विणतात, तो काठ. त्यामुळे लोक त्यालाही 'डोमाजी करवतवाले' म्हणत आणि मलाही. प्रदर्शनात त्याची साडी पाहून माणसे नागपुरात, महाल भागात माझ्या घरी येत, आणि माझ्या साडीची वाहवा उमरेडला जाई. कोणी विचारले, तुम्ही कोणते डोमाजी, तर मी सांगायचो, "ज्याचा दात बारीक तो." उमरेडवाल्याचा दात मोठा होता. हे मी चार लोकांत म्हणायचो, कारण ते खरे होते.

त्याने दोन-तीनदा निरोप धाडला, एकदा या, बसू. मी गेलो नाही. तो माझ्याहून लहान. पहिले पाऊल मी काहून टाकू?

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर माझे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. महालातल्या मागाला कुलूप लावून मुलाने मला हुडकेश्वरला त्याच्या घरी आणले. डोळ्यावर हिरवी पट्टी. बाहेर जायची बंदी. सून समोरच्या दारातच शिलाई मशीन मांडून बसते, मागे दार नाही. तिच्या नजरेतून मांजर जात नाही, मी काय जाणार. दुपारी जेवलो की झोप यायची, अशी की हाक ऐकू येत नसे. उठलो की दंड भरून आलेले असायचे, दिवसभर माग चालवल्यासारखे. सून म्हणे, "पडून पडून होते, मामाजी." मीही तेच धरले.

पट्टी निघाली आणि थोड्याच दिवसांनी सकाळी दारात गाड्या थांबल्या. माझा चुलत भाऊ बबन हातात हार घेऊन आत आला. मागे महालातली पाच-सहा माणसे, तोंडे उतरलेली. मी ओट्यावर चहा पिऊन राहिलो होतो.

बबनने हार खाली घेतला. "दादा, तू तं बसून हायस."

"मंग का झोपू?"

"अगा, मोबाईलवर आलं. डोमाजी करवतवाले गेले. खाली फोटू तुझा."

सुनेने फोन घेतला, चार ठिकाणी लावला, तेव्हा उलगडले. उमरेडचा डोमाजी पहाटे गेला होता. कोणीतरी नाव पाहून फोटो माझा टाकला. जन्मभर हेच झाले आणि मरणातही त्याने मला सोडले नाही, असे मी म्हणालो. बबन हार घेऊन तसाच उभा.

"आता याचं का करू, दादा? मयतीचा हार घरी परत नेत नाई."

"ज्याचा हाय त्याले नेऊन दे."

"तं चाल मंग. तुयाच नावाचा हाय."

सून नाही म्हणाली म्हणूनच मी निघालो, हेही खरे आहे. बबनच्या व्हॅनमध्ये बसून उमरेडला गेलो. त्या गावातून भिवापूरकडे कामाला गेलो असेन, पण उतरलो तेव्हा पहिल्यांदा. त्याचे घर विचारत विचारत जावे लागले.

अंगणात माणसे बसली होती. मी हार घातला, पाया पडलो नाही, तो लहान. मग एका कोपऱ्यात बसलो. मयतीच्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारच्यांनी चहा आणला होता. त्याची मुलगी वंदना, तीसेक वर्षांची, रडून डोळे सुजलेले... तिने एक कप उचलला, आत गेली, चिमूटभर मीठ टाकून आणला आणि माझ्या हातात दिला.

मी चहात मीठ घेतो. घरची चार माणसे सोडली तर हे कोणाला माहीत नाही.

"पट्टी निंगाली वाट्टे, काकाजी," ती म्हणाली. "बरं झालं. हिरवी पट्टी लावून येत होते तं मले भेव वाटे, रस्त्यानं ठेचाळान म्हणून."

मी बबनकडे पाहिले. बबन माझ्याकडे.

ती बोलत राहिली. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हापासून मी दुपारचा येत होतो म्हणे. त्यांच्या खाटेजवळ बसत होतो. ते म्हणत, "आलास शेवटी." मी म्हणे, "तुया दात मोठा होते, डोम्या." यावर दोघे हसत. मग मी उठून त्यांच्या मागावर बसत होतो आणि चार बोटे कापड विणून निघत होतो.

"ते पडल्या पडल्या आवाज आयकत," वंदना म्हणाली. "म्हणत, आता मले घोर नाई. माही साडी डोमाजी पुरी करन."

आमच्यात रीत आहे. विणकर गेला आणि मागावर कापड राहिले तर ते कापत नाहीत. दुसऱ्या सकाळी दुसऱ्या विणकराने मागावर बसायचे, कापड पुरे करायचे आणि ते लेकीच्या ओटीत घालायचे. सकाळ टळली तर कैची लावतात. उमरेडला आता करवत विणणारे कोणी उरले नव्हते. वंदनाचा मामा बाजूलाच होता. तो म्हणाला, "उद्या बसणारा नसन तं कापून टाकू, पोरी. मागाचे लाकडं का ठेवाचे?"

"काकाजी येतेत ना," ती म्हणाली. आणि माझ्याकडे पाहिले.

मी इथे कधी आलो नाही, हे वाक्य माझ्या तोंडात होते. खरे बोलायला मी कोणाच्या बापाला भ्यालो नाही. मी म्हणालो, "आधी माग दाखव."

माग आतल्या खोलीत होता. मी कापडाजवळ वाकलो. प्रत्येक विणकराचा हात वेगळा असतो. एकाने सोडले आणि दुसऱ्याने धरले की कापडात आडवी रेघ उमटते, कितीही जपले तरी. त्या साडीत रेघ होती. रेघेअलीकडे मोठा दात, उमरेडवाल्याचा. पलीकडे बारीक. मी बोट फिरवले. दात वळला की मी फणी, म्हणजे आडवा धागा दाबायची चौकट, दोनदा ठोकतो, दुसरी हलकी. माझ्या बापाची शिकवण. दुसरा कोणी तसे करत नाही. हातभर कापड होते आणि सगळे तसेच ठोकलेले.

बबन कानाशी म्हणाला, "दुसरा कोणी असन, दादा. तुयं नाव सांगून येत असन."

"नाव कोनीबी घेईन. हात कसा घेईन?"

वंदना दारात उभी होती. मी तिला येतो म्हणालो. आलो नव्हतो, हे तिला तेव्हाही सांगितले नाही आणि नंतरही नाही.

घरी आल्यावर सुनेला देवासमोर उभे करून विचारले. ती म्हणाली, मामाजी, तुम्ही एक दिवस उंबरा ओलांडला नाही, मी डोळ्यात थेंब टाकायला उठवत होते तेव्हा खाटेवरच होते. मुलगा म्हणाला, डॉक्टरला विचारू. बबन म्हणाला, विषय सोड. मी खूप डोके चालवले. उत्तर नाही. तुमच्यापैकी कोणाजवळ असेल तर सांगा, पण मला म्हातारा समजून समजावू नका. मी आधी गेलो नाही त्यात माझे चुकले, असे मी अजूनही म्हणत नाही. आणि वंदना म्हणते त्याप्रमाणे मी गेलोच होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीने उमरेडला गेलो. आंघोळ करून मागाला हात लावला, बसलो, आडव्या धाग्याचा धोटा टाकला. दात वळला तशी फणी दोनदा ठोकली, दुसरी हलकी. चार बोटे झाल्यावर वंदनाला खिडकी उघडायला लावली आणि नव्या डोळ्याने कापड पाहिले. रेघ एकच होती, त्याच्या आणि माझ्या मधली. कालपर्यंतचे कुठे संपले आणि आजचे कुठे लागले, ते मला सापडले नाही.

मी पुढचा धोटा टाकला आणि तिला म्हटले, "चहा ठेव वं. मीठ तुले माहीत हाय."