झिंग्याच्या जाळ्याची हरकत

आमच्या घरात माळ आहे. मासोळी आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आली नाही. तरीही मासेमारीच्या नियमांवर सरकारला पाठवायची हरकत लिहायला मी बसलो, आणि कोणी नको म्हटलं असतं तर त्याच्याशी भांडलोही असतो. माझा स्वभावच तसा.

आंजीच्या बाजारात माझं वांग्या-कोथिंबिरीचं दुकान लागतं. शेजारी एक ढिवर मावशी सुके झिंगे घेऊन बसते. तलावाच्या काठाशी गुडघाभर पाण्यात उभं राहून ती ते हातजाळीने धरते, घरी वाळवते आणि बाजारात विकते. नवरा गेल्यापासून तिचं आणि सुनेचं घर त्या जाळीवरच चालतं. मी शाळेच्या कचेरीत लिपिक होतो. निवृत्त होऊन भाजीपाला लावायला लागलो तरी गावातले अर्ज अजून माझ्याकडेच येतात, आणि ते मला आवडतं.

ग्रामपंचायतीच्या फलकावर मासेमारीच्या नव्या नियमांचा मसुदा लागला होता. कोणाची हरकत किंवा सूचना असेल तर लिहून पाठवावी, असं खाली छापलं होतं. मावशी बाजारात म्हणाली, "भाऊ, नव्या कायद्यात माह्यं जाळं बंद होते म्हणते. काई लिवून द्याल का?"

"समजलं, मावशी. तुम्ही फक्त अंगठा द्या," मी म्हणालो.

काही समजलं नव्हतं. मसुद्यात पावसाळ्यात दोन महिने मासेमारी बंद ठेवायचं कलम होतं. मला वाटलं, तिचं दुःख हेच. गरिबाच्या तोंडचा घास, पोटावर पाय, पिढ्यान् पिढ्यांचा हक्क, असं सगळं घालून मी दोन पानं भरली आणि शेवटी मागणी केली की पावसाळी बंदी रद्द करावी. जाळीच्या छिद्रांचं मापही एका कलमात दिलं होतं. ते मला किचकट वाटलं, म्हणून मी ते सोडून दिलं. मावशीने अंगठा दिला. वाचून दाखवायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

सुनावणी वर्ध्याला होती. सकाळच्या एसटीत मावशी पिशवीत जाळी घेऊन चढली. "काऊन आणली ही? सारी गाडी वासाने भरली," मी खेकसलो. तिने पिशवी पायाशी सरकवली.

सभागृहात बरेच लोक होते. अधिकारी एक तरुण बाई होत्या. त्या प्रत्येक हरकत मोठ्याने वाचायच्या आणि ज्याची हरकत त्याला उभं करायच्या. माझी दोन पानं त्यांनी वाचली तेव्हा मी टाळ्यांची वाट बघत होतो, खोटं कशाला सांगू. मावशी उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, हे माह्यं नाई."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मावशीचा इतका राग आला की तसंच उठून निघून जावंसं वाटलं.

बाईंनी माझा कागद शांतपणे बाजूला ठेवला, कोरा कागद घेतला. "मग तुमचं काय आहे ते सांगा. मी लिहून घेते."

"बंदी तं पायजेच. त्या दिवसांत मासोळी अंड्यावर राह्यते, नाल्यात चढते. तवा धरली तं पुढच्या साली काय धरान? पण तुमी बारीक जाळी बाराही महिने बंद करून राह्यले. झिंगा मरेपर्यंत बोटाएवढाच राह्यते. मोठ्या छिद्राच्या जाळीत तो थांबन का?" तिने पिशवीतून जाळी काढली आणि बाईंच्या टेबलावर पसरली.

बाईंनी त्या छिद्रांत करंगळी घालून बघितली. "पण यात माशांची पिल्लंही येत असतील."

"येतात ना. मी पाण्यातच उभी राह्यतो, लगेच सोडून देतो. डोंग्यात बसून खोल पाण्यात कोनी हे जाळं टाकलं तं त्याले बंदी करा. हाताने, काठावर, तेवढं राहू द्या."

बाईंनी शब्दन् शब्द लिहिला, तिला वाचून दाखवला आणि मगच अंगठा घेतला. सरकारी कचेरीत एखाद्या बाईचं म्हणणं तिलाच परत वाचून दाखवलेलं मी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं. त्या अधिकारी बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

परतीच्या एसटीत मावशीच बोलली, "लय मोठं लिवलं होतं तुमी, भाऊ. मले अर्धं समजलंच नाई. पण तुमी लिवलं नसतं तं मले तिथं बलावलं कोन असतं?" चार लोकांत माझी फजिती झाली होती, आणि मला सांभाळून घेत होती ती. मी तिची माफी मागितली. तिने ती मनावर घेतली नाही, झिंग्यांची पुडी तेवढी देऊ केली. माळ आहे म्हणून नाही म्हणावं लागलं, याचं पहिल्यांदा वाईट वाटलं.

काही महिन्यांनी पक्के नियम आले. बाजारात तिच्या पाटीजवळ बसून मी ते तिला सुरुवातीपासून वाचून दाखवले. पावसाळी बंदी कायम होती. आणि जाळीच्या कलमाखाली एक ओळ वाढली होती: बंदीचा काळ वगळून, काठावर उभं राहून हाताने झिंगे धरण्याच्या जाळीस हे माप लागू नाही.

"त्यात माह्यं नाव आहे का, भाऊ?"

मला ओशाळल्यासारखं झालं. "नाही, मावशी. नियमात कोणाचंच नाव नसतं."

"मंग बरं झालं," ती म्हणाली. "मी मेल्यावर सुनेलेबी चालंन."