फाळाशेजारी ठेवलेलं पुस्तक

दादा हैद्राबादला युनिव्हर्सिटीत मालियात शिकायचा. मालियात म्हणजे सरकारचा पैसा कुठून येतो नि कुठं जातो, याचं शास्त्र. तेही सगळं उर्दूतून. गावात कुणी विचारलं की मी छाती काढून सांगायची, "आमचा दादा निजामाला शिकवायलाय." वय नऊ, आणि अक्कल त्याहून कमी.

मालियातच्या पोरांसाठी तिथल्या कुतुबखान्यात, म्हणजे ग्रंथालयात, एक वेगळी खोली होती. मालियातची पुस्तकं बाजारात मिळायची नाहीत, ती त्या खोलीतच. पास दाखवायचा, बसायचं, वाचायचं. सुट्टीत मात्र एकेकाला एक पुस्तक घरी नेऊ देत. नवरात्रात दादा चुडाव्याच्या स्टेशनवर गाडीतून उतरला तो धोतराच्या धडप्यात गुंडाळलेलं पुस्तक तान्ह्या लेकरागत छातीशी धरून.

"दसरा झाला की जसंच्या तसं परत द्यायचंय. खराब झालं तर पास काढून घेतील. मग मी वाचू कुठं?" हे त्यानं एकट्या मलाच बजावलं, कारण घरात सांडलवंड करणारी मी एकटीच. मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी पहिल्यापासून लय हुशार.

खंडेनवमीला आमच्यात ज्याचं जे हत्यार, ते पूजेला मांडायचं. आबांनी फाळ, विळे, कुऱ्हाड धुऊन पाटावर ठेवली. दादा ओढ्यावर अंघोळीला गेला होता. मला वाटलं, अरे, याचं हत्यार राहिलंच की! पुस्तक आणलं, फाळाशेजारी ठेवलं. एवढ्यावर थांबते तर ती मी कसली? दादानंच मला पाटीवर एकाला एक आकडा जोडून सरस्वती काढायला शिकवली होती. मी पुस्तक आपल्या रीतीनं उघडलं. पहिल्याच पानावर एक चिठ्ठी डकवलेली, तिच्यावर शाईच्या चार रेघोट्या नि एक गोल शिक्का. वाटलं, देवीला बसायला आसन तयारच आहे. कुंकू पाण्यात कालवलं, काडी बुडवली आणि त्या शिक्क्यावर झकास सरस्वती बसवली. वर हळदीची पाच बोटं.

उर्दू पुस्तक उलट्या अंगानं उघडतं. माझं पहिलं पान म्हणजे त्याचं शेवटचं, आणि परतीची तारीख त्यावरच होती.

दादा आला. पाटावर पुस्तक बघून जरा हसलाही. मांडलेलं दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही, म्हणून त्यानं हात लावला नाही. आतलं मी सांगितलं नाही. त्याला चकित करायचं होतं ना!

दसऱ्याला त्यानं पुस्तक उचललं. कुंकू चार-पाच पानं खाली उतरलं होतं.

"कुणी केलं हे?"

"मी. आता तू पहिला येशील बघ."

"देवाचं कुंकू हाय, त्यात काय एवढं?" माय चुलीपासून म्हणाली. "वल्या फडक्यानं पुसून घे."

पुसलं. उरलीसुरली तारीखही गेली. दादानं पुस्तक परत त्याच धडप्यात गुंडाळलं.

कुतुबखान्यातला माणूस वाईट नव्हता, असं दादा नंतर सांगायचा. त्यानं चिठ्ठी उजेडात धरून पाहिली आणि म्हणाला, "मियाँ, ही किताब आता दुसऱ्याला देता येत नाही. तुम्हीच ठेवा. पास मात्र इथं ठेवून जा." म्हणजे एक पुस्तक हाती राहिलं आणि खोली गेली.

उन्हाळ्यात दादा परत आला. स्टेशनवर मी आधी काय विचारावं? "पहिला आलास का रं?" त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. मालियातच्या पेपरात तो नापास झाला होता. पुन्हा हैद्राबादला गेला नाही. आबांसोबत औत हाकू लागला.

पुढच्या खंडेनवमीला त्यानं स्वतःच्या हातानं फाळ धुतला. मी शहाणी, विचारलं, "दादा, पुस्तक आणू?"

"नको. ते आता माझं हत्यार न्हाई."

दादा गेल्यावर ते पुस्तक माझ्याकडं आलं. उर्दू मला आजही येत नाही. पण कडेच्या कोऱ्या जागेत दादानं पुसता येईल अशा बारीक पेन्सिलीनं मराठीत लिहिलंय, 'हे खोलीतल्या मोठ्या पुस्तकात पाहणे.' पाहून झालं की पुढं बरोबरची खूण. निम्म्या पुस्तकापर्यंत खुणा आहेत. तिथून पुढं नुसतंच 'पाहणे', 'पाहणे', थेट त्या लाल पानांपर्यंत.