दोडक्याची लाल चिंधी

आई १९९८च्या सप्टेंबरात, एका मंगळवारी सकाळी, दौंडच्या एका दवाखान्यात वारली. तापाचं निमित्त झालं. त्याच दुपारी वरवंडला अंत्यविधी झाला. मी तेव्हा पुण्याच्या एका दैनिकात डेस्कवर होते. निरोप ऑफिसच्या फोनवर आला.

घर वरवंडला, सोलापूर रस्त्यापासून थोडं आत. दोन खोल्या, पुढं अंगण, मागं परडं. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. ते दौंडच्या रेल्वे यार्डात पॉइंट्समन होते: सांधे बदलायचे आणि झेंडा दाखवायचा, हे त्यांचं काम. नोकरीभर आम्ही यार्डाजवळच्या क्वार्टरमध्ये राहिलो. चौऱ्याण्णव साली आबा निवृत्त झाले आणि दोघं गावी आले. गावी आल्यावर आबा वर्तमानपत्र वाचायचे आणि पारावर जायचे. परडं आईचं होतं.

परड्यात अळू, शेवगा, गवती चहा, मेथीचे दोन वाफे, कोंबड्यांचं खुराडं आणि कुंपणावर दोडक्याचा वेल. दोडक्याचं बी आईनं लग्नानंतर माहेराहून, केंदूरहून आणलं होतं. क्वार्टरच्या तारेवर तिनं तेच लावलं, वरवंडलाही तेच. दोडकं बुटकं, बुडाला फुगीर. बाजारात कुणी घेतलं नसतं. पण ते कधी कडू निघालं नाही. दुकानातल्या बियाण्याचं एखादं दोडकं कडू निघतं आणि कढईभर भाजी टाकून द्यावी लागते. आईला भाजी टाकणं मान्य नव्हतं.

आमचं घर बौद्ध. आबा विशीत असताना त्यांच्या वडिलांनी घरातले देव ओढ्यात सोडले आणि धम्म घेतला. तेव्हापासून आबांनी दृष्ट, उतारा, लिंबू-मिरची यांतलं काही उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. माझी बहीण कवठे येमाईला दिलेली. तिच्या नवऱ्यानं नवा ट्रॅक्टर घेतला आणि पुढं काळी बाहुली टांगली, तर आबांनी पेढा खाण्याआधी ती बाहुली कापली होती. आम्ही निघाल्यावर जावयानं दुसरी टांगली.

आईच्या पुण्यानुमोदन विधीच्या आदल्या दिवशी आबा परडं झाडायला गेले. बौद्धाचार्य येणार होते, गाव येणार होतं. कुंपणाच्या खांबाजवळ दोन दोडक्यांच्या देठांना गुलाबीसर चिंध्या बांधलेल्या त्यांना दिसल्या. त्यांनी कुणाला विचारलं नाही. "आपल्यात ह्ये न्हाई चालत," एवढं म्हणून त्यांनी चिंध्या सोडल्या आणि चुलीत घातल्या. संध्याकाळी मुक्कामी आलेल्या बायकांनी हाताला लागतील ती दोडकी तोडली. दोन जराशी जून निघाली, पण शिजली. शिरांची चटणी केली. पाहुण्यांनी भाजीचं कौतुक केलं. मागं काही उरलं नाही आणि त्यानंतर वेलाला नवं फळ धरलं नाही.

शेजारी चाची राहायची. तिच्या आणि आमच्या परड्याचं कुंपण एकच. तिच्या नवऱ्याचं हायवेला सायकलचं दुकान होतं. ते आईच्या आधीच वारले होते. आई आणि ती कुंपणावरून रोज काहीतरी द्यायच्या-घ्यायच्या: विरजण, कढीपत्ता, अंड्यांवर बसवायला खुडूक कोंबडी. आईच्या मातीनंतर चाचीला मुलीच्या बाळंतपणासाठी शिरूरला जावं लागलं. ती ऑक्टोबरात परतली. त्या दिवशी माझी साप्ताहिक सुटी होती आणि मी खुराडं साफ करत होते.

चाची कुंपणाशी आली, वेलाकडं पाहिलं आणि आबांना म्हणाली, "भाऊ, बियाची दोडकी उतरली का? इतक्यात वाळली व्हय?"

"कसली बियाची?"

"चिंधी बांधलेली. दोन हुती. हितं, खांबापाशी."

"ती नजरंची चिंधी. म्या काढून टाकली."

"नजरंची?" चाचीनं पदर तोंडाला लावला. "त्या थुटक्या दोडक्याला कुणाची नजर लागायचीय? बियाला राखली हुती ती! कुणी तोडू नये म्हून. दरसाली सुतळी बांधायची, ती पावसात कुजती, म्हून औंदा कापड घेतलं. आन् कापड तरी कुणाचं? तुमच्याच झेंड्याचं."

"माझ्या?"

"जुना झेंडा, धुऊन धुऊन इटलेला. जल्मभर लाल कापड दावून गाड्या थांबवल्या, आन् घरच्या परड्यात सिग्नल तोडला व्हय वो भाऊ?"

आबा हसले. आई गेल्यावर ते मी पाहिलेलं त्यांचं पहिलं हसू. मग ते वेलाच्या आळ्याच्या कडेला बसले.

"तुमच्याकडं असंल की बी," बसल्या बसल्या ते म्हणाले.

"माझ्याकडं कशापायी? दरसाली तीच द्यायची. एक वर्साचं बी ती दुसऱ्या वर्सी ठेवायची न्हाई. पेरायचं, उरलं तर वाटायचं."

घरात शोधलं. डबे, उतरंड, गोधडीसाठी जमवलेल्या चिंध्यांचं गाठोडं. गाठोड्यात झेंड्याचा उरलेला अर्धा भाग सापडला. बी नव्हतं.

त्या दिवसापासून आबांना एकच गोष्ट हवी होती, ते बी. आईविषयी ते एरवी फारसं बोलले नाहीत. बी मिळेल का, एवढंच विचारत.

बी मिळेपर्यंत परडं नीट ठेवायचं, असं त्यांनी ठरवलं. पारावर जाणं बंद झालं. सकाळी उजाडताच ते अंगण झाडायचे, मग खुराडं उघडायचे, मग हापशावरून पाणी आणायचे. आई भांड्यांचं पाणी अळवाला सोडायची, ते त्यांनी चालू ठेवलं. चुलीतली राख ती चाळून मेथीवर धुरळायची. चाळायची असते हे त्यांना माहीत नव्हतं. पहिल्या वेळी निखारा पडला आणि मेथी जळाली. चाची कुंपणापलीकडून म्हणाली, "भाऊ, भाजी चुलीवर शिजवायची आस्ती, वाफ्यात न्हाई."

वाफे त्यांनी दोरी लावून नव्यानं पाडले, सगळे एका लांबीचे.

"ह्ये वाफे हायेत का रूळ?" चाचीनं विचारलं.

"रूळच. मेथी टायमात येती का न्हाई बघा."

मेथी आली. जुडी बांधताना ते काडी मोडून गाठ मारायचे, आईसारखी. ही गाठ त्यांनी कधी शिकून घेतली, मला माहीत नाही. मी सुटीला गेले की ते मला कामं वाटून द्यायचे. माझ्याकडं खुराडं आणि शेवग्याखालचा पालापाचोळा. डेस्कवर माझ्याकडं निधनवार्ता असायच्या. त्या कापून दोन ओळींत बसवायच्या. परड्यातलं काम कापावं लागत नसे. पाला गोळा केला की जमीन दिसायची. कोंबडीखाली हात घातला की अंडं गरम लागायचं. दुपारी गवती चहा घालून चहा व्हायचा. एक कप कुंपणावरून पलीकडं जायचा आणि रिकामा कप कधी कढीपत्ता, कधी दोन मिरच्या घालून परत यायचा. हे आई असताना होतं, तसंच चालू राहिलं. पुण्याच्या बसमध्ये बसताना माझी नखं मातीची असायची. पहिल्या महिन्यात बसमध्ये झोप लागत नसे. नंतर लागायला लागली.

बियाचा शोध त्याच दिवसांत झाला. आधी आबा केंदूरला मामांकडे गेले. मामांनी बांधाकडं हात केला. "दाजी, आता सगळा कांदा हाय. वेल कोण करतंय? आक्काच दरसाली म्हणायची, बी ठेवा, बी ठेवा. आम्ही म्हणायचो, तू हायेस की." मामींनी वालाचं बी बांधून दिलं. ते आबांनी घेतलं, पण ते दोडक्याचं नव्हतं.

मग कवठे येमाईला बहिणीकडं. तिला आईनं जूनमध्ये बी दिलं होतं, वेल चांगला चढला होता. तो शेळीनं बुडापासून खाल्ला. बहीण सांगताना रडली. जावई म्हणाला, "आबा, चिंधी बांधायला पायजे हुती शेळीला." आबांनी ट्रॅक्टरकडं पाहिलं. बाहुली होती. या वेळी त्यांनी ती कापली नाही.

नोव्हेंबरात पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. आबा त्यासाठी दौंडला गेले, मी सोबत गेले. बँकेतलं काम लवकर झालं. स्टेशनकडं जायचं सोडून आबा यार्डाच्या बाजूला वळले. मी मागोमाग गेले. आमच्या जुन्या क्वार्टरसमोर ते थांबले.

तारेच्या कुंपणावर वाळलेला वेल होता. त्याला वाळकी, तपकिरी दोडकी लटकत होती. बुटकी, बुडाला फुगीर. वाऱ्यानं हलली की आत बी वाजत होतं.

आबांनी फाटकाला हात लावला नाही. बाहेरूनच हाक मारली. आतून एक बाई आली, हात ओले. बिहारकडचं कुटुंब, नवरा रेल्वेतच. आबांनी यार्डातलं हिंदी काढलं. "ये हमारा क्वार्टर था. वो तोरी का बेल किसने लगाया?"

"किसी ने नहीं बाबूजी, हर साल अपने आप निकल आता है."

तिनं नळाकडं बोट दाखवलं. तिथं भांडी घासायला दोडक्याची एक जाळी पडलेली होती. वाळकं दोडकं ती बुडाशी कापायची, झटकायची आणि जाळी भांड्यांना वापरायची. झटकलेलं बी नळाच्या ओलीवर पडायचं आणि पावसाळ्यात उगवायचं. चार वर्षं असंच चाललं होतं.

"कड़वा निकलता है क्या?" आबांनी विचारलं.

"ना. बहुत मीठा है. देखने में बौना है, बस."

"मेरी मिसेस ने लगाया था. बीज चाहिए था थोड़ा."

"तो इतना खड़े-खड़े क्या पूछ रहे हैं? ले जाइए. आंटी कैसी हैं?"

आबांनी सांगितलं. बाईनं ओले हात पदराला पुसले आणि स्वतः दोन दोडकी तोडून दिली. मग थांबून अजून एक दिलं. आबांनी ती रुमालात बांधली नाहीत. वाजतात म्हणून हातात धरून आणली. पॅसेंजर गाडीत समोर बसलेल्या एकानं विचारलं, "काय वो, खुळखुळा का?" आबा म्हणाले, "व्हय."

हे तेच बी, याला पुरावा नव्हता. फळाचा आकार तोच होता, जागा तीच होती आणि त्या तारेवर दुसरं कुणी दोडका लावल्याचं त्या बाईला माहीत नव्हतं. मी हे आबांना सांगितलं. ते म्हणाले, "बाई, तुझ्या पेपरात छापू नगंस. आपण पेरून बघू."

वाळक्या दोडक्याच्या बुडाला एक छोटी टोपी असते. ती काढली की बी आपोआप गळतं. चाचीनं अंगणात सूप धरलं, आबांनी दोडकं हलवलं. काळं, चपटं बी सुपात पडलं. चाचीनं त्यातलं एक दाताखाली धरलं, तोंड वाकडं केलं नाही आणि म्हणाली, "राखंत घालून ठेवा. चाळलेल्या." राख चाळूनच घातली.

हिवाळा, उन्हाळा परड्यात गेला. कोंबड्या वाढल्या. आबांनी शेवग्याला खतपाणी केलं. शेंगा इतक्या आल्या की वस्तीतल्या प्रत्येक घरात पोचल्या. लग्नांत आबांशी बोलायला बसलं की ते शेणखताबद्दल बोलायचे. मेमध्ये त्यांनी कुंपणाला नवे खांब रोवले आणि आळी खणून ठेवली. जूनमध्ये पेरलं. पेरताना मी नव्हते. चाचीचा ऑफिसात फोन आला. कुणाच्या घरून केला होता, तिनं सांगितलं नाही. ती एवढंच म्हणाली, "आलं बग. आळ्यात कोंबडी जाऊ नये म्हून तुजं आबा काठी घिऊन बसल्यात, हालंनात."

ऑगस्टच्या शेवटी पिवळी फुलं आली. ती संध्याकाळी उमलतात. आबा पाणी घालायची वेळ बदलून संध्याकाळवर आले. सप्टेंबरात फळं धरली. बुटकी, बुडाला फुगीर.

आईला जाऊन वर्ष झालं तेव्हा घरी माणसं जमणार होती. आदल्या दिवशी आबांनी गाठोड्यातून झेंड्याचा अर्धा भाग काढला. त्यांच्याकडं एक हिरवा झेंडाही होता. तो पाहून चाची म्हणाली, "हिरवा नगा बांधू, गाडी सुटंल." आबांनी लाल कापडाच्या पट्ट्या फाडल्या आणि तीन दोडक्यांच्या देठांना बांधल्या. दुसऱ्या दिवशी बौद्धाचार्य परड्याच्या बाजूनं आले. वेलाकडं पाहून त्यांनी विचारलं, "ही काय भानगड?"

"सिग्नल हाय," आबा म्हणाले.

बाकीची दोडकी त्या दिवशी शिजली. चाचीनं पहिला घास खाऊन सांगितलं, कडू न्हाई.

डिसेंबरात बी निघालं. आबांनी घरच्या पेरणीपुरतं राखेत ठेवलं आणि उरलेल्याच्या चार पुड्या केल्या. एक चाचीला दिली, एक केंदूरला, एक कवठे येमाईला. चौथी घेऊन ते दौंडला गेले आणि क्वार्टरवरच्या त्या बाईला दिली. तिच्या तारेवर त्या वर्षीही वेल होता. तरी तिनं पुडी घेतली.