आईच्या मागचा उंट

मी औरंगाबादला कॉलेजात होते, तेव्हाची गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीत धावड्याला घरी आले होते. अजिंठ्याची लेणी बघायला आलेली एक परदेशी चित्रकार बाई एका सकाळी एसटीनं आमच्या गावात उतरली. तिला खेड्यातल्या बाईचं चित्र काढायचं होतं. मोडकंतोडकं इंग्रजी बोलणारी मीच, म्हणून लोकांनी तिला आमच्या घरी आणलं.

आई गावच्याच शाळेत शिकवायची. पांढरी सुती साडी, जाड काचांचा चष्मा, मनगटावर घड्याळ. ओसरीवर ती ताठ बसली आणि दुपारपर्यंत हलली नाही.

चित्र झाल्यावर आईनं ते हातात घेतलं. त्यातल्या बाईच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं, नाकात नथ, डोक्यावर घागर. मागं वाळू आणि एक उंट. चष्मा आणि घड्याळ गायब. आम्ही बौद्ध, आईनं जन्मात कुंकू लावलं नव्हतं.

“हिला सांग,” आई म्हणाली, “चष्मा काढला तं मला समोरचं माणूसबी दिसत न्हाई. अन् हा उंट कोणाचा?”

पाहुणीला असं बोलायचं म्हणजे मला संकोच वाटला, पण सांगितलं. बाई गोंधळली. म्हणाली, “आमच्या घरात भिंतीवर असंच चित्र होतं. हिंदुस्थान म्हटलं की मला तेच आठवतं.”

आईनं आतून खडू आणला आणि ओसरीच्या फरशीवर बाईचं चित्र काढलं: पायघोळ झगा, डोक्यावर मुकुट, मागं बर्फाचा डोंगर, भोवती मेंढरं. बाई पोट धरून हसायला लागली. तिचं गाव सपाट होतं, गिरण्यांचं. मेंढरू तिनं कधी पाळलं नव्हतं.

“बाई, मीबी तुमच्यासारखंच पाह्यल्याबिगर काढलं,” आई म्हणाली.

मी ते सांगितलं तेव्हा बाईचं हसू ओसरलं. तिनं नवा कागद लावला. या वेळी ती काढायची कमी आणि आईकडे बघायची जास्त.

संध्याकाळी निघताना तिनं ते दुसरं चित्र आईपुढं धरलं. आईनं परत दिलं.

“हे तुमच्या भिंतीला लावा. ते उंटाचं राहू द्या आमच्याकडं.”

पुढं कितीतरी वर्षं ते आमच्या घरात होतं. कोणी विचारलं, ही बाई कोण, तर आई चहा ओतता ओतता म्हणायची, “काय माहीत! आपल्या गावची तं न्हाई.”