घटपर्णीला राख घालू नका

आज लोणंदहून घरी आले आणि कुंड्या पाहून डोकं सणकलं, म्हणून हे लिहिते आहे.

माझ्या अंगणात आंब्याच्या कडेला घटपर्णी आहेत, म्हणजे किडे खाणारी झाडं. आंब्याचा पाला कुंडीत पडून कुजला की त्यांना सोसत नाही. आठवडाभरासाठी जाताना शेजारच्या सुमनला बजावलं होतं, "पाला तेवढा वेच, साठवलेलं पावसाचं पाणी घाल, बाकी काही करू नकोस."

तिनं पाला वेचला, जाळला आणि ती राख कुंड्यांत घातली. झाडं करपली.

"आवं काकू, झाडाचं झाडालाच दिलं की! माजी वांगी बगा, राखंवर कशी लय धरल्यात."

"ती वांगी आहेत! हिला आंबट माती लागते. राखेनं तो आंबटपणाच जातो."

"किडं खाऊन जगतंय, आन् राखंनं मरतंय व्हय?"

पलूसच्या शाळेतल्या बाई आजच तीन कुंड्या न्यायला आल्या होत्या. मुलांना मी शब्द दिला होता. सांगितलेलं सोडून केलेल्या अशा उपकाराला तुम्ही काय म्हणता?

बाईंच्या हाती दिलं ते एवढंच: राख कमी पडली म्हणून वाचलेली एक कुंडी आणि पावसाच्या पाण्याची एक बाटली.