पान्याची सुट्टी

जगन्नाथ मेस्त्री त्या यंत्राला सूनबाई म्हणत. यंत्र जर्मनीहून आलेलं, तेही कुणीतरी वापरून टाकलेलं, आणि आल्या दिवसापासून रुसलेलं. सकाळी ते गोडीगुलाबीने सुरू करावं लागे. ऊन चढलं की धापा टाकायला लागे, आणि कोणी पाहुणा बघायला आला की हमखास बंद पडे. "घरात आणलीहा, आता नांदवूक होयी," असं पुटपुटत मेस्त्री पाना घेऊन तिच्या पोटाखाली शिरत.

हे घर म्हणजे कुवेतच्या वाळवंटात, वफ्र्याला, बू मशारी या मालकांची डेअरी. चारशे गाई, मक्याची तीन मोठी शेतं, आणि कुंपणापलीकडे वाळू. मका हिरवा असतानाच या यंत्राने कापायचा, त्याची बोटाच्या पेराएवढी कुट्टी करायची, भिंती घातलेल्या लांबलचक खड्ड्यात ती भरायची, ट्रॅक्टर फिरवून फिरवून दाबायची आणि वर प्लॅस्टिक पसरून जुने टायर रचायचे, म्हणजे वर्षभराचा मुरघास तयार. नव्या माणसाला मेस्त्री एका शब्दात समजावत, "गाईंचं लोणचं." लोणच्यासारखाच त्याचा कारभार. हवा लागली की बुरशी.

मेस्त्री मूळचे कुडाळजवळचे. वडील गावात कोयते आणि विळे घडवायचे, त्यांच्या भात्याशीच मेस्त्रींचं बालपण गेलं. त्र्याण्णव साली ते वेल्डर म्हणून शुऐबाच्या एका कारखान्यात आले. सहा महिन्यांचं काम संपलं आणि बाकीचे मुंबईच्या विमानात बसले. मेस्त्रींना मात्र कुणीतरी "एक मशीन बघून द्या" म्हणून वफ्र्याला नेलं. मशीन बघून झालं नाही, ते झालंच नाही. आठ वर्षं उलटली.

या आठ वर्षांत एकच गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली होती. सत्त्याण्णव साली थोरल्या रेखाचं लग्न होतं आणि ऐन तेव्हा सूनबाईचा गिअर तुटला. खड्डा अर्धा उघडा टाकून जाता येईना. कन्यादान धाकट्या भावाने, विजयने केलं. लग्नाची कॅसेट आली, तीही मेस्त्रींनी पाहिली. तासाभराच्या कॅसेटमध्ये चाळीस मिनिटं जेवणाच्या पंगती होत्या, आणि रेखा जिथे जिथे दिसे तिथे तिथे विजयचा खांदा मध्ये येई.

आता दोन हजार एकच्या डिसेंबरात धाकट्या रुपालीचं लग्न होतं. तुळशीचं लग्न झालं की तिसऱ्या दिवशी, दोन तारखेला. मेस्त्री जूनमध्येच बू मशारींसमोर जाऊन उभे राहिले.

म्हातारे बू मशारी शेतावर आले की खड्ड्याच्या भिंतीवर बसून चहा पीत. ते म्हणाले, "जा ना, जगन. कोण अडवतंय? खड्डा बंद झाला, टायर चढले, की तुझा पासपोर्ट तुझ्या हातात."

"आणि मशीन मोडलं तर?"

"मशीन मोडलं तर दुरुस्त कोण करणार?" बू मशारींनी शांतपणे विचारलं आणि चहात साखर ढवळली.

मेस्त्रींनी त्या दिवसापासून सूनबाईची अशी काही बडदास्त ठेवली, की सगळं शेत हसू लागलं. भर उन्हाळ्यात तिच्यावर ओलं गोणपाट. पट्टे नवे, बेअरिंगं नवी. पात्यांना धार तर अशी, की इजिप्तच्या सईदने एकदा त्यावर टरबूज कापून दाखवलं. फक्त एक गोष्ट मेस्त्रींना जमली नाही. मक्यात लोखंडाचा तुकडा आला तर यंत्र आपोआप थांबवणारा एक डोळा तिच्या तोंडाशी होता. तो कुवेतच्या उन्हाने केव्हाच मेला होता.

सईद हा यंत्राचा ड्रायव्हर. धिप्पाड, हसरा, आणि मेस्त्रींना मनापासून भिणारा. कारणही तसंच होतं. मेस्त्री दरवर्षी खंडेनवमीला आपली सगळी हत्यारं धुऊनपुसून यंत्राच्या तोंडासमोरच्या पत्र्यावर मांडत. हळदकुंकू, अक्षता, फहाहील शहरातून आणलेला नारळ, झेंडू मिळाला तर झेंडू, नाहीतर प्लॅस्टिकचा. त्या दिवशी हत्यारांना काम नाही. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, मेस्त्रींनी अक्षता टाकून हलवल्याशिवाय कुणी त्यांना हातही लावायचा नाही. तीन वर्षांपूर्वी सईदने त्या दिवशी मेख ठोकायला हातोडी उचलली होती. मेस्त्री दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्याला हातोडीची माफी मागायला लावली, आणि सईदने ती मागितलीही. अरबीत, उजवा हात छातीवर ठेवून.

या वर्षी खंडेनवमी गुरुवारी आली. पूजा थाटात झाली. मधोमध सगळ्यांत मोठा पाना लाल कापडात गुंडाळून ठेवला होता, कारण वर्षभर खरं काम तोच करी. शुक्रवारी दसरा आणि सुट्टी. फहाहीलला कोकणातल्या माणसांच्या खोलीवर जेवण होतं आणि गावी फोनही करायचा होता. मेस्त्रींनी पहाटे उठून अक्षता टाकल्या, हत्यारं पेटीत भरायला घेतली. हातोडी गेली, पकडी गेल्या, छिन्न्या गेल्या, तेवढ्यात फहाहीलच्या गाडीने बाहेर भोंगा वाजवला. मोठा पाना राहिला. "संध्याकाळी येऊन उचलतंय," असं त्यालाच सांगून मेस्त्री धावले.

संध्याकाळी ते आलेच नाहीत. बायकोने, सीताबाईंनी, फोनवर मांडवापासून आहेरापर्यंत सगळं सांगितलं, कार्ड संपलं, दुसरं घेतलं, तेही संपलं, आणि वफ्र्याची शेवटची गाडी निघून गेली. मेस्त्री तिथेच झोपले.

शनिवारी सकाळी सात वाजता शेताचे व्यवस्थापक राजन, नाशिकचे शेतकी पदवीधर, मक्याचं कणीस दाबून म्हणाले, "सईद, दाणा भरलाय. थांबायचं नाही. सुरू कर."

सईदने चावी फिरवली, खाली वाकून पाहिलं, आणि समोरच्या पत्र्यावर लाल कापडातलं काहीतरी दिसलं. वर झेंडू, कुंकू. तो सीटवर मागे टेकला. एकदा हातोडीची माफी मागून झाली होती, पुन्हा ती वेळ आणायची नव्हती. मेस्त्रींनी ठेवलं आहे म्हणजे काहीतरी कारणाने ठेवलं आहे. "बिस्मिल्लाह," म्हणत त्याने यंत्र मक्यात घातलं.

मेस्त्री फाटकातून आत शिरत होते तेव्हा तो आवाज आला. देवळाच्या घंटेवर कुणी घण घालावा तसा. मग खडखडाट, मग एक लांब किंकाळी, मग काहीच नाही. गोठ्यातल्या चारशे गाई एकदम हंबरल्या.

मेस्त्री धावत पोचले तेव्हा सईद यंत्रासमोर टोपी काढून उभा होता. बारा पात्यांपैकी चार तुटली होती. पान्याचं डोकं एकीकडे, शेपूट एकीकडे, आणि लाल कापडाची मात्र सुरेख कुट्टी झाली होती.

"सईद! मेल्या! तुला दिसला नाही पाना?" मेस्त्री हिंदीत ओरडले, मग मालवणीत ओरडले, मग नुसतेच ओरडले.

"दिसला," सईद म्हणाला.

"मग उचलला का नाहीस?"

"मेस्त्री, तूच म्हणालास. हात लावू नको."

 यंत्र चालवण्याच्या बाबतीत या माणसाने आठ वर्षांत मेस्त्रींचं एक म्हणून ऐकलं नव्हतं. ऐकलं ते नेमकं हे.

राजन जर्मनीला फॅक्स करून आले आणि मान हलवत म्हणाले, "पाती यायला तीन आठवडे. कमीत कमी. पुढे रमजान लागतोय, कामाचे तास निम्मे. मेस्त्री, डिसेंबरअखेरपर्यंत खड्डा काही बंद होत नाही. आणि तोवर मका हिरवा राहील तर ना!"

डिसेंबरअखेर. मेस्त्री पान्याच्या शेपटाशेजारी खाली वाळूतच बसले. डोळ्यांपुढे विजयचा खांदा आला.

दुपारी बू मशारी आले. भिंतीवर बसले, तुटका पाना उलटसुलट करून बघितला.

"हा कुणी ठेवला होता?"

सईदने मेस्त्रींकडे पाहिलं, राजननी आकाशाकडे. मेस्त्री पुढे झाले. "मी, बाबा."

"कशासाठी?"

"पूजेसाठी. वर्षभर आम्ही त्याच्याकडून काम घेतो. एक दिवस त्याला नमस्कार करायचा, आणि सुट्टी द्यायची."

बू मशारींनी पाना भिंतीवर ठेवला. मग त्यांची दाढी हलू लागली. "ऐकलंस, राजन? मला माझ्या माणसांना सुट्टी द्यायची म्हटलं की जिवावर येतं. हा पान्याला देतो!" ते डोळे पुसेपर्यंत हसले. पण उठताना बोलले ते तेच, जूनमध्ये बोललेलं. "खड्डा बंद, की पासपोर्ट."

त्या रात्री मेस्त्रींना झोप आली नाही, आणि सकाळी उठल्यावर ते सरळ भंगाराच्या ढिगाकडे गेले. तिथे एका मेलेल्या ट्रकचा सांगाडा होता. त्याच्या चाकावरचे कमानीचे पाटे मेस्त्रींनी बोटाने वाजवून बघितले. वडील याच पाट्यांचे कोयते करायचे. मेस्त्री स्वतःशीच म्हणाले, मक्याला काय, कापणारा जर्मन की मालवणी, कळतंय थोडंच.

गोठ्यामागे भट्टी लागली. कबाबवाल्याकडून कोळसा आला, गाईंना वारा घालायचा पंखा भाता झाला. सईद घण घाली, मेस्त्री चिमट्याने पोलाद फिरवत. धारेवर गव्हाळ रंग चढला रे चढला की जळक्या तेलात बुडवायचं, वडिलांनी सांगितलेलं. राजन दर तासाने येऊन म्हणत, "मेस्त्री, पाती बसवलेला ड्रम मिनिटाला हजार वेळा फिरतो. एक पातं जरी जड झालं तरी सगळं उडून सौदीत पडेल."

वजन करायला शेतावर होता तो काटा गाईंचा. त्यावर चारही पाती ठेवली तरी काटा हलेना. म्हणून मेस्त्री पाती गोणपाटात गुंडाळून कोयाच्या बकाल्यात, म्हणजे नाक्यावरच्या किराणा दुकानात गेले. कोया केरळचा, तराजूच्या बाबतीत अतिशय चोख.

"एका पारड्यात हे जर्मन पातं ठेव, दुसऱ्यात माझं," मेस्त्री म्हणाले.

मेस्त्रींच्या पात्याचं पारडं खाली गेलं. कोयाने जर्मन पात्याच्या बाजूला मूठभर वेलदोडे घातले, दोन काढले, एक परत टाकला. "अठरा वेलदोडे जास्त आहे."

मेस्त्री दुकानाच्या पायरीवर बसून कानस मारत, पुन्हा आत येत. "आता?"

"आता सात."

पुन्हा कानस. मागे साखर घ्यायला आलेल्यांची रांग लागली. एक बंगाली माळी वैतागून म्हणाला, "भाई, इसका भाव क्या है?" संध्याकाळपर्यंत चारही पाती जर्मन पात्याला तोलून बसली, आणि शेवटच्या वेळी रांगेतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

बुधवारी सकाळी सूनबाई पुन्हा मक्यासमोर उभी राहिली. राजननी सगळ्यांना खड्ड्याच्या भिंतीआड बसवलं. सईद सीटवर चढला आणि आधी पाच मिनिटं पत्रा तपासत राहिला, हात लावून, चारचार वेळा. मेस्त्रींनी नारळ आणला होता, पण राजन कडाडले, "मशीनजवळ काहीही ठेवायचं नाही!" मग त्यांनी तो भिंतीवरच फोडला आणि पन्नास पावलांवरून हात जोडले.

यंत्र गुरगुरलं, घरघरलं, मक्यात शिरलं, आणि वरच्या नळीतून हिरव्या कुट्टीची धार ट्रॉलीत पडू लागली. काहीच उडालं नाही. मेस्त्रींनी मूठभर कुट्टी उचलून नाकाशी नेली. चार पाती जरा मोठे तुकडे पाडत होती. गाईंनी तक्रार केली नाही.

कापणी सव्वीस नोव्हेंबरला संपली. रमजानात सईद उपाशीपोटी गाडी हाके, आणि सूर्य मावळला की मेस्त्री त्याच्यासाठी खजूर आणि ताक घेऊन शेताच्या कडेला उभे असत. अठ्ठाविसाला शेवटचा टायर चढला. बू मशारी खड्ड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले, परत आले, आणि खिशातून पासपोर्ट काढून म्हणाले, "दोन महिने. पान्याला एक दिवस देतोस, तर तुला दोन महिने."

मेस्त्री गावी पोचले तेव्हा लग्नाला दोनच दिवस होते. सीताबाईंनी नारळाच्या काथ्याने त्यांचे हात तासभर घासले, तरी नखांतलं काळं गेलं नाही. कन्यादान त्याच हातांनी झालं. रुपालीच्या हातावर पाणी सोडताना मेस्त्रींनी एवढी घाई केली, की भटजी म्हणाले, "मेस्त्रीनू, सावकाश. पाणी खय पळान जाणा नाय."

जेवणं झाल्यावर व्याही पुंडलिक शेजारी येऊन बसले. ते भीतभीतच विचारते झाले, "तुमी कुवेताक तेलात आसास मां? कंपनीत?"

"नाय ओ. गाईंका गवत घालतंय," मेस्त्री म्हणाले.

व्याह्यांचा जीव एकदम मोकळा झाला. त्यांच्या चार म्हशी होत्या आणि उन्हाळ्यात वैरणीची मारामार. मग मुरघास म्हणजे काय, खड्डा केवढा, हवा कशी काढायची. तोंडाने सांगून पुरेना म्हणून मेस्त्री उठले, धोतराचा सोगा खोचला, परसातली कुदळ घेतली, आणि दोघे व्याही फणसाखाली जमीन आखून खणायला लागले. खड्डा गुडघ्याइतका झाला तेव्हा मागून कुणीतरी हाक मारली.

शालूत, मुंडावळ्या बांधलेली रुपाली उभी होती. तिच्यामागे नवरदेव, वाजंत्री आणि कमरेवर हात ठेवलेल्या सीताबाई.

"बाबा, गाडी सुटता हा," रुपाली म्हणाली. रडायचं की हसायचं हे तिचं अजून ठरत नव्हतं. "माका घालवूक येतास, की सासऱ्यांकाच ठेवन घेतास?"

मेस्त्री खड्ड्यातून वर चढायला गेले, पण धोतर कुदळीत अडकलं. शेवटी नवरीनेच हात देऊन बापाला वर काढलं, आणि त्यांचा तो मातीने भरलेला हात धरूनच ती गाडीपर्यंत गेली.